भिंतीवरचे चार शॉकअप

स्तोशियाच्या पिकअपचा मागचा डावा शॉकअप तुटला तो उतरणीवर, शेवटच्या वळणाच्या जरा अलीकडे. आधी कडकन आवाज झाला, मग गाडीचं डावं बूड खाली बसलं आणि हौद्यातले दुधाचे कॅन एकमेकांवर आदळत कलंडले. ब्रेक दाबून ती खाली उतरेपर्यंत चाळीसेक लिटर मेंढीचं दूध खडकांवरून ओघळत निघालं होतं. पाग बेटाच्या त्या अंगाला खडकही पांढरेच, त्यामुळे नेमकं किती गेलं हे वाकून बघितल्याशिवाय कळेना.

दुसरं कुणी असतं तर आधी कपाळावर हात मारून घेतला असता. स्तोशिया गाडीखाली शिरली. शॉकअपची खालची कडी, जिच्यातून बोल्ट जातो ती, नळीपासून पार सुटी झाली होती. तुटल्या जागी बोट फिरवलं तर लोखंड पापुद्र्या-पापुद्र्यानं हातात आलं. ती बराच वेळ तशीच उताणी पडून राहिली. दुधाचं वाईट वाटलं नाही असं नाही, पण त्याहून मोठा एक प्रश्न तिच्या डोक्यात शिरला होता, आणि एकदा प्रश्न शिरला की तिला अन्नपाणी गोड लागायचं नाही.

सहा वर्षांतला हा तिसरा शॉकअप. आणि तिन्ही वेळा मागचा डावाच.

"मीठ," क्रशेवान म्हणाला. क्रशेवान तिचा चुलतभाऊ, आणि कोलान गावातला एकुलता एक मेकॅनिक. "वेलेबितच्या डोंगरावरून बुरा वारा सुटतो, खाडीचं पाणी उचलतो आणि आपल्या तोंडावर मारतो. लोखंड कुजतं. ह्यात नवीन काय आहे? तोच मागवतो, परवा बसवून देतो."

"उजव्या बाजूला मीठ येत नाही का?"

"येतं की."

"मग उजवा का तुटत नाही?"

क्रशेवाननं हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "तू गाडी दुरुस्त करायला आलीयेस का माझी परीक्षा घ्यायला?"

"तुटका दे इकडं. आणि तोच मागवू नकोस. जो तीनदा मेला तो चौथ्यांदा कशाला आणायचा?"

शेवटी त्यानं भंगारातले दोन जुने शॉकअप तात्पुरते बसवून दिले आणि सांगितलं, "दोन-अडीच महिने खेच यांच्यावर. पण हळू चालव. तेल गेलेलं आहे यांच्यातलं."

हळू चालवूनही व्हायचं ते झालंच. सहा मेंढवाड्यांचं दूध गोळा करून ती रोज चीजच्या कारखान्यात पोचवायची, अकरा वर्षं झाली होती त्याला. तिथली मुख्य चीजवाली ग्रोझदाना. तिनं चौथ्या दिवशी कॅनचं झाकण उघडून तिला आत बघायला लावलं. दुधावर लोण्याचे बारीक कण तरंगत होते.

"तू दूध आणतेस का ताक करून आणतेस?" ग्रोझदाना म्हणाली. "असं घुसळलेलं दूध मी कढईत घालणार नाही. वर्षभर मुरवायचं चीज असतं ते. ह्या दुधाचं खवट होतं."

"दोन महिने सांभाळून घे."

"एक महिना," ग्रोझदाना म्हणाली. पण झाकण लावताना तिनंच सुचवलं, की कॅन गळ्यापर्यंत भरून आण, रिकामी जागाच ठेवू नकोस, म्हणजे डचमळणार नाही. त्यानं खरंच बराच फरक पडला, आणि महिन्याच्या मुदतीचा विषय ग्रोझदानानं पुन्हा काढला नाही.

तुटका शॉकअप स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ठेवलेला होता. स्तोशियाचा नवरा येर्को फेरीबोटीवर कामाला. संध्याकाळी घरी आला, टेबलाकडे बघितलं, टोपी काढली.

"आज जेवायला हे आहे?"

"बस आणि बघ. आत काय दिसतंय?"

क्रशेवानकडून तिनं तो उभा चिरून आणला होता. येर्कोनं चष्मा लावला. आतली नळी आरशासारखी स्वच्छ होती, गंजाचा ठिपका नाही. म्हणजे खाणारं जे काही होतं ते बाहेरून आलं होतं. काळा रंग बहुतेक ठिकाणी शाबूत होता, पण चाकानं उडवलेला खडा जिथं जिथं लागला होता, तिथं रंगाखालून गंज कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे पसरला होता. कडीच्या वर वाटीसारखी खाच होती, तिच्यात चिखल बसून दगड झाला होता. स्तोशियानं त्यातला कण काढून जिभेवर ठेवला.

"खारट."

"तू चाखलंस ते?"

"मग कळणार कसं?"

दुसऱ्या दिवसापासून ती गाडी चाखू लागली. प्रत्येक मेंढवाड्यावर थांबलं की बोट ओलं करून आधी डाव्या चाकामागं फिरवायची, तोंडात घालायची, थुंकायची, मग उजव्या. एका म्हाताऱ्या मेंढपाळानं तिला असं करताना बघितलं आणि संध्याकाळपर्यंत कोलानच्या कॅफेत बातमी झाली, की स्तोशियाला आता मेंढ्यांसारखीच मिठाची चटक लागली आहे. तिनं मनावर घेतलं नाही. आठवड्याभरात तिला उत्तर मिळालं होतं. सहापैकी चार मेंढवाड्यांवर दूध भरताना गाडीची डावी कूस खाडीकडे व्हायची, अर्धा-अर्धा तास. बुरा सुटलेला असेल तर तेवढ्यात डाव्या अंगावर बोटाला लागेल एवढं मीठ साचायचं. उजवं अंग आडोशाला. इतकी साधी गोष्ट! अकरा वर्षं ती स्वतःच गाडीचं एक अंग वाऱ्याला धरून देत होती.

त्या दिवसापासून ती गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करू लागली. पण नवे शॉकअप कोणते घ्यायचे हा प्रश्न तसाच राहिला, कारण मीठ कमी झालं तरी जाणार थोडंच होतं.

क्रशेवाननं आपलं मत तयार ठेवलं होतं. "अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचे घे. झादार शहरातला एक मोटारींचा शर्यतवाला तेच वापरतो. अ‍ॅल्युमिनियमला गंज चढतच नाही."

ही गोष्ट तिनं घरी सांगितली तेव्हा येर्को हसला. "आमच्या बोटीवर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला लोखंडी बोल्ट थेट लावला तर कप्तान आमची सालटी काढेल. मधे प्लास्टिकची चकती घालतो आम्ही. नाहीतर खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना खातात. पांढरं पीठ पडतं नुसतं."

"शॉकअपला बोल्ट लोखंडीच असतो."

"मग विचार तुझ्या भावाला, तो चकती घालणार आहे का."

मग तिच्या मनात बार्तुलचं नाव आलं. येर्कोला सांगावं की नको, ह्या विचारात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तिनं सांगून टाकलं.

बार्तुल आता अठ्ठ्याहत्तरचा होता. सगळं गाव त्याला बार्बा, म्हणजे काका, म्हणायचं. एके काळी तो लोन्चार नावाच्या एका मीठवाल्याच्या गाड्यांचा मुकादम होता. तीन ट्रक, दिवसभर मिठागरांच्या बांधावरून मीठ वाहायचे. मिठात चालणाऱ्या गाड्या त्याच्याइतक्या कुणी सांभाळल्या नव्हत्या. त्यातला एक ट्रक अठरा वर्षांपूर्वी येर्को चालवायचा. त्या ट्रकचे शॉकअप एका वर्षात दोनदा गळले, आणि बार्तुलनं मालकाला लिहून दिलं की ड्रायव्हर गाडी आपटतो. येर्कोची नोकरी गेली. पुढं लोन्चारचा धंदाही बसला, पण ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत ते नाहीतच. येर्को ज्या फेरीवर असेल ती बार्तुल सोडून द्यायचा.

"जा की," येर्को म्हणाला. "मला काय विचारतेस? तुला शॉकअप घ्यायचेत, मला थोडेच घ्यायचेत." आणि उठून अंगणात गेला.

बार्तुलचं घर वेलेबितच्या समोरच, अंगणाची भिंत थेट खाडीवर. त्यानं तिला बसायला खुर्ची दिली, वाळवलेले अंजीर पुढं केले आणि तिचं बोलणं ऐकून न घेताच निकाल दिला.

"स्टेनलेस. दुसरं काही बघूच नकोस. लोन्चारच्या तिन्ही गाड्यांना मी स्टेनलेसच्या नळीचे बसवले होते. चार वर्षांनीसुद्धा तोंड दिसायचं त्यात."

"पण ते गळले ना, बार्बा?"

"दोन गाड्यांचे नाही गळले. एकाच गाडीचे गळले." म्हातारा तिच्याकडे न बघता म्हणाला. "आणि गळले नाहीत. गळवले. तुझ्या नवऱ्यानं."

स्तोशियाचा घास तोंडातच राहिला. उठून जावं असं तिला वाटलं. पण त्याच वेळी तिला आठवलं, की अठरा वर्षांपूर्वी तिनं स्वतःही येर्कोला म्हटलं होतं, जरा हळू चालवत जा ना. त्यानं तेव्हा तिच्याकडे कसं बघितलं होतं तेही आठवलं. तिला खरं काय ते माहीत नव्हतं. तेव्हाही नव्हतं, आताही नव्हतं.

"नळी चांगली होती म्हणता ना?" ती म्हणाली. "मग तेल कुठून गेलं?"

"वरून. दांडा जिथं आत-बाहेर होतो तिथल्या सीलमधून. गाडी आपटली की सील जातं."

"आपटल्याशिवाय जात नाही?"

बार्तुल म्हणाला, "मी तरी बघितलेलं नाही."

"मग बघूया. तुमची ही भिंत आहे, बुरा आहे. वेगवेगळे शॉकअप आणून टांगते इथं. तुम्ही लक्ष ठेवा."

म्हाताऱ्याला रिकामपणाचा कंटाळा आला होता की त्याला आपलं म्हणणं खरं करून दाखवायचं होतं, देव जाणे. तो लगेच उठला आणि भिंतीत खिळे ठोकायला जागा शोधू लागला.

चार नग मिळाले. एक काळ्या रंगाचा, तिच्या तुटलेल्याच जातीचा. एक अ‍ॅल्युमिनियमचा, शर्यतवाल्यानं वाकला म्हणून टाकून दिलेला. एक स्टेनलेसचा, झादारच्या दुकानात काचेमागं ठेवलेला नमुना. आणि चौथा क्रशेवाननं नुसता संख्या भरायला आणला होता. डोंगरातल्या वणव्यांवर जाणाऱ्या बंबाचा, जस्ताचा जाड थर दिलेला, मळकट राखाडी रंगाचा. त्याचा दांडाही इतरांसारखा चकचकीत नव्हता, काळपट होता.

"हा असा का?" स्तोशियानं विचारलं.

"त्याच्यावर क्रोमचा मुलामा नाही. भट्टीत वायू सोडून भाजून काढतात, म्हणजे पोलादाची वरची कातडीच कडक होते," क्रशेवान म्हणाला. "दिसायला अगदीच दरिद्री."

चारही नग तेल-वायू काढलेले होते, त्यामुळे दांडे पूर्ण बाहेर ओढून टांगता आले. स्तोशियानं खड्यानं प्रत्येकाच्या नळीवर सारखाच ओरखडा काढला. प्रत्येकाच्या कडीत साधा लोखंडी बोल्ट घालून आवळला. ज्या दिवशी वारा नसेल त्या दिवशी बार्तुल बादलीभर समुद्राचं पाणी आणून त्यांना आंघोळ घालायचा. क्रशेवान अ‍ॅल्युमिनियमवर अडून होता, म्हातारा स्टेनलेसवर. स्तोशियाला विचारलं तर म्हणायची, "मला काही माहीत नाही, म्हणून तर टांगलेत." कॅफेत लोक विचारायचे, कोण आघाडीवर आहे?

दूध देऊन परतताना ती दर दोन दिवसांनी भिंतीपाशी थांबायची. म्हातारा वहीत लिहून ठेवायचा, तारखेनिशी. पहिले दोन आठवडे कुणालाच काही झालं नाही, फक्त जस्ताच्या नगावर पांढुरकी भुकटी आली आणि तो आणखीच कळकट दिसू लागला. "हा आधी जाणार," बार्तुल समाधानानं म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात काळ्या नगाचा ओरखडा लाल झाला. पाचव्यात अ‍ॅल्युमिनियमच्या कडीपाशी पीठ सांडल्यासारखं दिसू लागलं. म्हातारा फोनवर तिला सांगायचा, "अगं, आज काळ्याच्या रंगाला फोड आलाय, येऊन बघ," जणू काही घरात कुणी आजारी आहे.

दहाव्या आठवड्यानंतरच्या शनिवारी तिघं भिंतीपाशी जमले. क्रशेवाननं पाना आणला होता.

काळ्या नगाचा रंग नखानं सोलला तर दोन बोटं रुंदीचा पापुद्रा निघून आला. अ‍ॅल्युमिनियमची नळी छान होती, पण बोल्ट काही केल्या फिरेना. क्रशेवाननं पान्याला लांब नळी लावून जोर केला, तेव्हा बोल्टाबरोबर कडीचा तुकडाच हातात आला.

"तुझा गेला," स्तोशिया म्हणाली.

"दिसतंय मला."

स्टेनलेसची नळी खरोखर पहिल्या दिवसासारखी होती. ओरखड्यातही डाग नाही. बार्तुलनं खिशातून रुमाल काढून ती पुसली, त्यात आपलं तोंड बघितलं आणि दोघांकडे वळून म्हणाला, "काय म्हणालो होतो?"

"दांडा बघूया," स्तोशिया म्हणाली.

दांड्याचं क्रोम लांबून चकाकत होतं. तिनं त्यावर नख टेकवलं आणि हळूच वरून खाली आणलं. नख अडलं. पुन्हा अडलं. तिनं बार्तुलचा हात धरून त्याचं बोट तिथं ठेवलं. टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके, प्रत्येकाच्या मधोमध खळगा, आणि खळग्याची कड धारदार.

"हे सीलमधून दिवसात हजार वेळा आत-बाहेर झालं तर?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

क्रशेवान म्हणाला, "किसणीच की. रबर सोलून काढेल."

बार्तुलनं बोट काढलं नाही. तो दांड्यावर पुन्हा पुन्हा तेच बोट फिरवत राहिला. "पण दोन गाड्यांचे टिकले," तो म्हणाला, बराच हळू. "दोन गाड्यांचे टिकले होते."

"त्या दोन गाड्या कुठं उभ्या असायच्या, बार्बा?"

"शेडमध्ये."

"आणि तिसरी?"

"शेडमध्ये दोनच मावायच्या." म्हातारा खुर्ची शोधत मागं सरकला आणि बसला. "तिसरी बाहेर. बांधावर. येर्को सगळ्यांत नवा होता म्हणून."

स्तोशियाला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं काही झालं नाही. ती स्वतःचं ते जुनं वाक्य आठवत उभी राहिली. शेवटी क्रशेवाननंच चौथ्या नगाकडे हात केला, कारण त्याच्याकडे बघायचं सगळेच विसरले होते. पांढरी भुकटी पुसली तर खाली ओरखडा होता तसाच होता, लालपणाचा मागमूस नाही. स्वतः झिजून जस्तानं लोखंड झाकून ठेवलं होतं. बोल्ट पहिल्याच झटक्यात फिरला. काळपट दांड्यावर नख वरपासून खालपर्यंत कुठंही न अडता आलं.

"हेच बसव," स्तोशिया म्हणाली. "चारही चाकांना."

"बंबवाल्यांच्या पुरवठादाराकडून मागवावे लागतील. आणि रबराचं मोज्यासारखं झाकण मिळतं दांड्यावर घालायला, ते घालू का?"

"झाकणात खारं पाणी साचेल?"

"साचू शकतं."

"मग नको. उघडाच राहू दे, मी गोड्या पाण्यानं धुवत जाईन."

शॉकअप मे महिन्याच्या अखेरीस आले. पहिल्याच सकाळी ग्रोझदानानं कॅन उघडून बघितला, डावानं ढवळलं, वर काही तरंगेना. "आता हे दूध आहे," एवढंच म्हणाली आणि कढईत ओतलं. ग्रोझदानाकडून एवढं म्हणजे खूप झालं.

येर्कोला स्तोशियानं भिंतीवरचं सगळं त्याच दिवशी, शनिवारी, सांगितलं होतं. ऐकून तो नुसता "हं" म्हणाला. मग तिनं ते दुसरंही सांगितलं. "मीसुद्धा तेव्हा तुला हळू चालव म्हणाले होते. मला वाटलं होतं तूच आपटत असशील."

"माहितीये मला."

"अठरा वर्षं माहिती होतं?"

"अगं, मी चालवायचोच जोरात," येर्को म्हणाला. "म्हणून तर मलाही कधी खात्री नव्हती."

हे तिला अजिबात अपेक्षित नव्हतं. ती हसायला लागली आणि मग तिला हसू आवरेना. तोही हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्यानं चष्मा पुसायला घेतला.

जूनमध्ये एका दुपारी बार्तुल बंदरावर आला. येर्कोची फेरी लागली होती. ह्या वेळी म्हातारा मागं फिरला नाही. हातात पिशवी, पिशवीत तो स्टेनलेसचा नग, जणू पुराव्याशिवाय बोलायची त्याला हिंमत नव्हती.

"मी चुकीचं लिहून दिलं होतं," तो म्हणाला. "दांडा मी बघितलाच नाही. नळी चकचकीत होती, म्हणून बघितला नाही."

येर्कोच्या हातात दोर होता. त्यानं तो खुंटाला नीट गुंडाळला, मग म्हणाला, "बार्बा, गाड्या चढतायत. बाजूला उभे राहा, नाहीतर चेंगराल." आणि थोड्या वेळानं, शेवटची गाडी आत गेल्यावर, "पलीकडं जायचंय का? चला वर, कॉफी मिळते."

पलीकडे बार्तुलला काहीच काम नव्हतं. तरी तो चढला. दोघं वरच्या डेकवर बसले, आणि स्तोशियाला नंतर कळलं त्याप्रमाणे पूर्ण फेरीत ते जुन्या गोष्टींविषयी एक अक्षर बोलले नाहीत. बार्तुलनं विचारलं, की बोटीच्या रॅम्पच्या साखळ्यांना तुम्ही काय लावता, आणि येर्कोनं त्याला खाली नेऊन दाखवलं.

नवे शॉकअप बसवून आता तिसरा हिवाळा संपत आला आहे. क्रशेवान ते मळकट राखाडी नग दुकानात दर्शनी ठेवतो आणि आपलीच कल्पना असल्यासारखी त्यांची तारीफ करतो. बार्तुलच्या भिंतीवर खिळे वाढले आहेत. सध्या तिथं पाच प्रकारच्या साखळ्या आहेत, तीन कुलपं आहेत आणि ग्रोझदानानं दिलेली चीजच्या साच्याची एक कडी आहे. गेल्या आठवड्यात स्तोशिया तिथं थांबली तेव्हा म्हातारा वही उघडून बसला होता आणि येर्को बादली घेऊन समुद्राचं पाणी आणत होता.

"हे तिसरं कुलूप दिवसभर सावलीत असतं," बार्तुल तिला म्हणाला, "आणि तरी तेच आधी गंजतंय. का ते सांग बघू."

स्तोशियानं गाडी बंद केली आणि खाली उतरली.